पाच विसांना तीन कमी

महाराष्ट्रातल्या थंडीचा विषय निघाला की लोक महाबळेश्वरचं नाव घेतात. आमच्या निफाड तालुक्यातली माणसं ते ऐकून गालात हसतात. डिसेंबर-जानेवारीत राज्यातलं सगळ्यात कमी तापमान म्हणून पेपरात पुष्कळदा निफाडचाच आकडा असतो. पारा चार-पाच अंशांवर येतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली जातो. द्राक्षबागेवाले पहाटे उठून बागेत शेकोट्या करतात, घड वाचवायला बघतात. माणसांचं काय, माणसं गोधडीत. पण गोधडी पांघरून शाळेत जाता येत नाही की दारं धरायला मळ्यात जाता येत नाही. म्हणून आमच्याकडे लोकर आली. आणली ती शाळामास्तरांच्या बायकांनी आणि साखर कारखान्याच्या वसाहतीतल्या बायकांनी. मूळची गावातली ती नव्हे.

आमच्या घरात ती आत्याच्या हाताने आली. आत्या म्हणजे आण्णांची थोरली बहीण. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी ती परत आली होती. का, ते घरात कुणी बोलत नसे. कुणी विचारलंच तर आजी म्हणायची, "नांदली नाही." मराठीत या वाक्याची मोठी सोय आहे. नांदवलं नाही असं कुणी म्हणत नाही, नांदली नाही म्हणतात, म्हणजे सगळं त्या बाईवरच येऊन पडतं. असो. तर ही आत्या शाळेत गेलेली नव्हती. धाकट्या भावंडांना सांभाळण्यात तिची शाळा गेली आणि मग लग्नच झालं. गावातल्या मास्तरीणबाईंकडे ती दळण पोचवायला जायची, तिथे बसून बसून सुलट-उलट टाके शिकली, आणि दोन हिवाळ्यांत मास्तरीणबाईंपेक्षा तिचा हात साफ झाला.

साधा स्वेटर ही काही मोठी गोष्ट नाही. खाली बारा नंबरच्या सुयांवर बॉर्डर, वर दहा नंबरवर अंग, मुंढ्याला टाके कमी करायचे, गळ्याला कमी करायचे. (सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे उलटं गणित नव्या मुलींना नेहमी चकवतं.) खरी गंमत नक्षीची. दोन रंगांची लोकर एकाच ओळीत बरोबर घेऊन चालायचं, आणि ती नक्षी कागदावर घराघरांनी आखलेली असते. मास्तरीणबाईंकडे मासिकांतून कापून ठेवलेले असे बरेच कागद होते. लोक ग्राफ म्हणायचे, आत्या 'घरं' म्हणायची. "घरं आण ती," म्हणायची.

ज्यांनी हे केलेलं नाही त्यांना सांगायला हवं. एक घर म्हणजे एक टाका. घरांची एक आडवी रांग म्हणजे विणीची एक ओळ. कागद वाचायचा तो खालून वर, कारण विणकाम खालून वर वाढतं. सुलट बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची. मग काम फिरवलं की उलट बाजूची ओळ डावीकडून उजवीकडे. म्हणजे बैलाने शेत नांगरावं तसं. तास संपलं की तिथूनच वळायचं, परत पहिल्या टोकाला जायचं नाही. मी अकरा वर्षांची असताना आत्याने मला हे शिकवलं तेव्हा शाळेत मी फडाफडा वाचत होते, आणि तरी चार दिवस माझी ओळ उलटी जात होती. डावीकडून उजवीकडे वाचायची सवय इतकी घट्ट बसलेली. आत्याला तसली सवयच नव्हती, त्यामुळे तिला ही अडचणही आली नव्हती. तिला दोन्ही दिशा सारख्याच होत्या.

पोराच्या पाठीला सत्त्याण्णव टाके. आत्या 'सत्त्याण्णव' म्हणत नसे, 'पाच विसांना तीन कमी' म्हणायची. आठ टाक्यांची नक्षी बारा वेळा, आणि शेवटी एक टाका कडेसाठी, म्हणजे दोन्ही कडा सारख्या दिसतात. हा हिशेब तिने कुणाला विचारून केला नव्हता. डाव्या हाताच्या अंगठ्याने सुईवरचे टाके दोन-दोन करून पुढे सरकवत जायची, ओठ हलत नसत, आणि शेवटाला गेल्यावर सांगायची, "एक घर कमी पडलंय. मागच्या वळणाला बघ." मागच्या वळणाला ते सापडायचंच.

सुरुवातीला मी तोंडाने म्हणत म्हणत विणायची. दोन पांढरे, एक निळा, तीन पांढरे, एक निळा. आत्या ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "आसं कुढवर म्हणशीन? खाली बघ की." खाली म्हणजे विणून झालेल्या भागाकडे. कागदावर चालू ओळ कळावी म्हणून आम्ही पोस्टकार्डाची पट्टी ठेवायचो. मी ती ओळीच्या खाली ठेवायची, वहीत रेघ मारल्यासारखी. आत्याने ती उचलून ओळीच्या वर ठेवली. मला वाटलं, काय फरक पडतो? पण पट्टी खाली ठेवली की झालेल्या ओळी झाकल्या जातात आणि पुढच्या, अजून न आलेल्या ओळी डोळ्यांसमोर नाचत राहतात. वर ठेवली की पुढचं झाकतं आणि झालेलं दिसतं. मग कागदावर झालेलं आणि हातात झालेलं, दोन्ही एकमेकांशी ताडून बघता येतं. निळा टाका खालच्या निळ्याच्या एक घर डावीकडे बसायला हवा, बसला का? बसला, तर पुढे. पंधरा दिवसांनी माझं तोंड आपोआप बंद झालं. घरं मोजायची राहिली नाहीत, पायरी दिसायला लागली, शंकरपाळं दिसायला लागलं. वाचायला शिकतानाही असंच होतं. आधी क ला काना का, मग एक दिवस काना दिसतच नाही, नुसता शब्द दिसतो.

आणि मागची बाजू. ती कागदावर नसतेच. निळा टाका घालताना पांढरा धागा कामाच्या मागून जातो, पुढे त्याची पाळी आली की वर येतो. हा मागून जाणारा धागा ओढला तर स्वेटर आवळतो, पुढून चुण्या पडतात आणि पोराच्या डोक्यातून जात नाही. सैल सोडला तर घालताना बोटं अडकतात. चार-पाच टाक्यांपेक्षा लांब जायचा असेल तर मध्येच एकदा त्याला दुसऱ्या धाग्यात अडकवून घ्यायचा. निळा नेहमी खालून, पांढरा नेहमी वरून. मध्येच बदल केला तर त्या जागी नक्षीचा रंगच फिका दिसतो, का फिका दिसतो ते बघणाऱ्याला कळत नाही. यातलं एक अक्षर कागदावर नसतं. कुणी स्वेटर दाखवायला आणला की आत्या आधी तो उलटा करायची. बाईला ते आवडायचं नाही. आतून कशाला बघायचं, असं तिच्या चेहऱ्यावर यायचं. आत्या आतून बघून मगच पुढून बघायची, आणि पुष्कळदा पुढून बघायची गरजच राहायची नाही.

एकदा मास्तरीणबाईंनी आठ पाकळ्यांच्या चांदणीचा कागद दिला. छापील, मासिकातला. आत्याने आठ ओळी विणल्या आणि नवव्या ओळीला थांबली. संध्याकाळी मला घेऊन मास्तरीणबाईंकडे गेली.

"बाई, ह्यो कागद चुकलाय."

"अहो ताई, छापलेलं आहे ते. चुकेल कसं?"

"खाली बघा ना. सातवीत, आठवीत ह्या पाकळीचा पाय डावीकडं चाललाय. नववीत एकदम उजवीकडं कसा फिरंल? बाकीच्या तीन पाकळ्यांचा फिरत नाही."

मास्तरीणबाईंनी चष्मा लावून बघितलं. एक काळं घर शेजारच्या घरात छापलं गेलं होतं. त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "खरंच की." आत्याने काजळाच्या बोटाने योग्य घरावर ठिपका दिला. तो कागद अजून माझ्याकडे आहे, ठिपका पुसट झालाय.

ही गोष्ट मी वर्गात पुष्कळ वेळा सांगितली. सांगताना माझा रोख असायचा की निरक्षर बाईने छापील चूक काढली. आता वाटतं, त्यात आश्चर्य करण्यासारखं काही नव्हतं. तो कागद तपासण्यासारखा होता आणि ती तो तपासत होती. छापणाऱ्याच्या हातात लोकर नव्हती, तिच्या हातात होती.

तरी गावात तिचं काम 'बघून केलेलं' म्हणूनच ओळखलं जाई. "तिला काय, कागदावर बघून करायचं असतं," असं म्हणून मजुरीत दोन रुपये कमी करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. डोक्यातून काढलं असतं तर कला, बघून केलं म्हणून नुसती मजुरी. हा विचार आपल्याकडेच आहे असं नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत, त्यांत फेअर आयल नावाचं एक एवढंसं बेट आहे. तिथल्या बायकांनी दोन रंगांचं हे विणकाम जगात नावाला आणलं. एका ओळीत दोनच रंग, हा त्यांचा नियम. आत्याचाही होता, कारण तिसरा धागा हातात मावत नाही. पण त्या स्वेटरचा मोठा बोलबाला झाला तो १९२२ साली प्रिन्स ऑफ वेल्सने गोल्फ खेळताना तो अंगात घातल्यावर. विणणाऱ्या बाईचं नाव कोण विचारतो?

बरं, आत्या नुसती बघूनही करत नव्हती. गव्हाच्या लोंबीची नक्षी तिने स्वतः काढली. पेन्सिल तिला धरता येत नसे, म्हणून सारवलेल्या ओसरीवर ज्वारीचे आणि उडदाचे दाणे मांडले. ज्वारी म्हणजे पांढरं घर, उडीद म्हणजे काळं. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला घरं मांडायला कोण शिकवणार? कोंबड्या हाकत हाकत मी ते गणिताच्या चौकटीच्या वहीत उतरवून घेतलं. विणून बघितलं तर लोंबी बसकी, कुणीतरी वरून दाबल्यासारखी. आत्या दोन दिवस गप्प होती. मग तिच्या लक्षात आलं की घर चौकोनी आहे, पण टाका चौकोनी नाही. तो रुंदीला जास्त आणि उंचीला कमी. पाच टाक्यांची रुंदी भरायला उंचीला साधारण सात ओळी लागतात. तिने ओसरीवर पुन्हा दाणे मांडले, या वेळी लोंबी मुद्दाम लांबोडी, कागदावर बेढब दिसेल अशी. विणल्यावर ती बरोबर लोंबीसारखी आली. "कागदाव सुंदर नको," ती म्हणाली, "अंगाव सुंदर पायजे."

१९७८ च्या २ ऑक्टोबरला देशभर प्रौढ शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे केव्हातरी आमच्या ओसरीवरही एक तरुण मुलगा वही घेऊन आला. चांगला होता बिचारा. लिहिता-वाचता येतं का, त्याने विचारलं. आत्याच्या मांडीवर त्या वेळी निम्मी झालेली पाठ होती आणि समोर कागद. ती कागदावरून नजर न काढता "नाही" म्हणाली. त्याने तिच्या नावापुढे खूण केली. त्याची काही चूक नव्हती. समजून लिहिता-वाचता येणं, अशी साक्षरतेची व्याख्या जनगणनेत असते. त्यात 'समजून' हा शब्द आहे हे मला फार नंतर कळलं.

येवला आमच्या शेजारचाच तालुका. तिथे पैठणीच्या मागावर बसलेले विणकर आलेख समोर ठेवून घरं मोजत रंगारंगाच्या कांड्या फिरवतात, मोर आणि पोपट उठवतात; आणि त्यांचा पदर दोन्ही अंगांनी सारखा निघतो, त्याला आत्याच्या स्वेटरसारखी मागची बाजूच नसते. मी शिक्षिका झाल्यावर आत्याला एकदा तिकडे घेऊन गेले. ती मागाजवळ तासभर उभी होती. निघताना म्हणाली, "ह्ये मागं काहीच लपवत नाहीत." काश्मीरच्या गालिच्यांची तर स्वतंत्र लिपीच आहे, तालीम म्हणतात तिला. किती गाठी आणि कोणत्या रंगाच्या, हे खुणांनी लिहिलेलं असतं. एक जण मोठ्याने वाचतो आणि मागावरचे त्याप्रमाणे गाठी मारतात. ती लिपी येणाऱ्या कितीतरी कारागिरांना दुसरी लिपी येत नसे. त्यांनाही त्या मुलाने आत्यासारखीच खूण केली असती.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्या कागदाकडे येते.

बाहत्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी आजोबा वारले. मी विणायला शिकत होते तेच वर्ष. वारस म्हणून भावांबरोबर तिघी बहिणींचीही नावं लागणार होती. हिंदू वारसा कायदा १९५६ साली झालेला, बापाच्या वाट्यात लेकींचा हिस्सा तेव्हापासूनच आहे. आणि बहिणींनी तो सोडून द्यायचा, हा रिवाजही तेव्हापासूनच आहे. दोघी आत्या सासरहून आल्या, साडी-चोळी झाली, पुरणपोळी झाली, आणि दुसऱ्या दिवशी तिघी तालुक्याला जाऊन हक्कसोडपत्रावर अंगठे देऊन आल्या. आत्या परत आली तेव्हा तिच्या डाव्या अंगठ्याला शाई होती. त्या रात्री ती विणायला बसली नाही, पांढऱ्या लोकरीला डाग लागेल म्हणाली. मला तेवढंच आठवतं. अकराव्या वर्षी शाईचं कारण कोण विचारतं?

टाके सरकवत मोजणारा अंगठा तो हाच. पाच विसांतला एक टाका कमी पडला तर सांगणारा.

त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी मी डी.एड. होऊन नोकरीला लागले होते. सुट्टीत घरी आले असताना आत्याने आण्णांच्या ट्रंकेतून तो कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "वाच," म्हणाली. आण्णा समोर बाजेवर होते. त्यांनी हरकत घेतली नाही, पण तंबाखू मळायची थांबली. मी वाचलं. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. मग ते नेहमीचे शब्द: हे हक्कसोडपत्र मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, वाचून समजून घेऊन लिहून दिले असे. खाली, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

आत्याने "वाचून समजून घेऊन" एवढं मला तीनदा वाचायला लावलं.

"हे मला कुणी वाचून दावलं नव्हतं," ती म्हणाली.

आण्णा म्हणाले, "आक्का, तुला काय कमी केलं का आम्ही?"

आणि खरंच कमी केलं नव्हतं. आण्णा वाईट माणूस नव्हते हे मला मुद्दाम लिहायचंय. त्यांनी बहिणीला शेवटपर्यंत सांभाळलं, तिच्या दुखण्यात नाशिकला नेलं, तिच्या शब्दाबाहेर माझी आई कधी गेली नाही. जमीनही भावांनी उडवली नाही, कसली. आत्याही ते नाकारत नव्हती. ती थोडा वेळ कागदाकडे बघत राहिली, मग त्याची पाठ वळवून बघितली. कोरी होती.

"वाचून दावलं असतं तरी मी आंगठा दिलाच असता, भाऊ," ती म्हणाली. "पण मंग तो माझा असता."

आण्णा उठून बाहेर गेले. हा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

या वाक्याशी मी गेली चाळीस वर्षं झगडते आहे. कारण वरवर बघितलं तर त्यात काही फरकच नाही. वाचून अंगठा दिला असता, न वाचता दिला, जमीन दोन्ही वेळा भावांकडेच. कायद्याच्या दृष्टीने सारखं, पोटापाण्याच्या दृष्टीने सारखं. मग आत्या काय मागत होती? पैसे नाही, जमीन नाही, माफीसुद्धा नाही. मला वाटतं, ती जे रोज रात्री कंदिलाजवळ करत होती तेच मागत होती. ती दुसऱ्याने आखलेला कागद मानत होती, घर न् घर मानत होती, पण प्रत्येक ओळीला तिला विचारायची मुभा होती: हे खालच्याशी जुळतं का? जुळलं की ती ओळ तिची व्हायची. नाही जुळलं तर उसवायची मुभा होती. उसवलेली लोकर वाया जात नाही, वाफेवर धरून सरळ केली की पुन्हा चालते. 'बघून करणारी' म्हणून ज्या बाया तिला हिणवत होत्या त्यांना एवढं कळलं नाही की बघून करणं आणि न बघता करणं यांतच सगळं आहे. हक्कसोडपत्र तिने न बघता केलं होतं.

याला एक उत्तर मी पुष्कळांकडून ऐकलंय, आणि ते हलकं नाही. घरातल्या माणसांत कागद वाचत बसणं म्हणजे अविश्वास. भावाने पुढे केलेला कागद बहिणीने ओळ न् ओळ वाचला तर नातं कुठे राहिलं? आमच्या गावात हे मानणारी माणसं खोटी नाहीत, त्यांच्यात विश्वासावर चालणारे व्यवहार मी बघितले आहेत. पाण्याच्या पाळ्या, पैरा, उसने पैसे, कशालाच कागद नाही. पण तिथे कागद नाही ही गोष्ट महत्त्वाची. तिथे दोघांच्याही हातात कागद नसतो. हक्कसोडपत्रात एकाला कागद वाचता येतो आणि दुसऱ्याने विश्वास ठेवायचा असतो. विश्वासाचं सगळं ओझं एकाच खांद्यावर. मास्तरीणबाईंवर आत्याचा विश्वास नव्हता का? जन्मभराचा होता. तरी तिने त्यांची चांदणी तपासली, आणि त्यांनी चष्मा लावून बघितलं. त्या दुखावल्या असत्या तर दुखावल्या असत्या. त्यांना तसं वाटलं नाही हा त्यांचा मोठेपणा, आणि तसा मोठेपणा नवऱ्या-भावांत दिसला तर मला आनंद होईल.

आत्या १९९९ साली गेली. तिची घरांची वही, म्हणजे खरं तर माझीच गणिताची वही, माझ्याकडे आली.

२००५ च्या दुरुस्तीने मुलगीही मुलासारखी जन्मापासून वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सेदार झाली. आण्णा त्यानंतर सहा वर्षांनी गेले. दिवस झाल्यावर महिन्याभराने माझा धाकटा भाऊ कागद घेऊन आला. सगळा टाइप केलेला, पेन्सिलने फुल्या केलेल्या, कुठे सही करायची त्या. बरोबर पैठणी होती, येवल्याचीच. मी चहा ठेवला आणि कागद वाचायला घेतला. तो म्हणाला, "ताई, वाचायचं काय त्यात? विश्वास नाही का?" रागाने नाही म्हणाला, खरंच त्याला लागलं होतं. मी म्हटलं, "आहे की. म्हणून तर तुझ्यासमोर वाचतेय." दुसऱ्या पानावर एका गटाचं क्षेत्र सातबाऱ्याशी जुळत नव्हतं, आरचा आकडा इकडचा तिकडे पडला होता. टाइप करणाऱ्याचा हात. मी बोट ठेवून दाखवलं. त्याने खिशातून चष्मा काढला आणि बघितलं. मग बराच वेळ आम्ही दोघं तो कागद मध्ये ठेवून बसलो, आणि लहानपणीनंतर पहिल्यांदाच त्याने मला जमिनीबद्दल सगळं सांगितलं: विहिरीचं पाणी कुठवर पुरतं, सोसायटीचं कर्ज किती, थोरल्याशी काय बिनसलंय. तोवर यातलं काही मला ठाऊक नव्हतं. विचारायचं असतं हेही मला सुचलेलं नव्हतं आणि सांगायचं असतं हे त्याला.

सही मी केली की नाही, हे नातेवाईक अजून विचारतात. दुरुस्त करून आणलेला कागद माझ्या कपाटात आहे. मी भावाला सांगितलंय की मला वेळ हवा आहे, आणि घाई असेल तर त्याने तसं सांगावं. त्याने तसं सांगितलेलं नाही. दिवाळीला येतो, भाऊबीज होते, कागदाचा विषय कधी तो काढतो, कधी मी. भांडण झालेलं नाही.

मागच्या महिन्यात त्याच्या सुनेचा फोन आला. बाळाला थंडीआधी कानटोपी हवी आहे, लोंबीची नक्षी असलेली, पणजीआत्याची होती तसली. डोक्याचा घेर चौदा इंच. तिला स्वतःलाच शिकायचंय म्हणाली, मोबाइलवर बघून जमेल का? मी म्हटलं, जमेल, पण दोन दिवस इथे येऊन राहा, आतली बाजू फोनवर दिसत नाही. तोवर मी टाके घालून ठेवलेत. एकोणनव्वद. अकरा लोंब्या आणि कडेचा एक.